माणशी की गाडीला? क्रूझवरच्या सहलींचा हिशेब



थंडी सुरू झाली की आपल्याकडे दोन विषय हमखास निघतात. एक म्हणजे भारतातून आई-वडील कधी येणार, आणि दुसरा म्हणजे आल्यावर त्यांना न्यायचं कुठे. बुर्ज खलिफा झालं, ग्लोबल व्हिलेज झालं, मीना बाजारात साड्यांची खरेदी झाली, की कोणीतरी क्रूझचं नाव काढतं. जाहिरातीतला दर बघून वाटतं, अरे, हे तर हॉटेलपेक्षा स्वस्त! आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. खोली, तीन वेळचं जेवण, संध्याकाळची करमणूक हे सगळं त्या दरात येतं. मात्र जहाज बंदरात लागल्यावर खाली उतरून काय करायचं, ते त्या दरात नसतं. त्याची वेगळी पुस्तिका येते. 'शोअर एक्स्कर्शन' असं तिचं नाव. गुळगुळीत कागद, सुंदर छायाचित्रं, आणि प्रत्येक चित्राखाली एक आकडा. तो आकडा माणशी असतो, हे विसरू नये.

आम्ही जानेवारी २०२३ मध्ये दुबईहून सात रात्रींच्या क्रूझला गेलो. मस्कत, दोहा, अबू धाबी आणि परत दुबई. आम्ही दोघं, दोन मुलं आणि साताऱ्याहून आलेले सासू-सासरे, अशी सहा माणसं. सासऱ्यांची बायपास झालेली, सासूबाईंचे गुडघे कुरकुरणारे. घरखर्चाची वही मी लग्नापासून लिहिते, त्यामुळे पुस्तिका हातात आल्याबरोबर वही उघडली. अर्ध्या दिवसाची साधी सहल मोठ्यांना ६५ डॉलर, मुलांना ४५. चार मोठे आणि दोन मुलं मिळून एका बंदराचे ३५० डॉलर. तीन बंदरांचे १,०५०. दिरहम डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, म्हणजे झाले सुमारे ३,८५६ दिरहम. सासू-सासऱ्यांच्या मुंबई-दुबई जाण्यायेण्याच्या तिकिटांना मिळून एवढे लागले नव्हते. ह्यांनी वहीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "मग खाली उतरायचंच नाही का?"

उतरायचं तर होतंच. मस्कतमध्ये महादेवाचं जुनं देऊळ आहे, हे सासूबाईंनी साताऱ्यात कोणाकडून तरी ऐकलं होतं. त्यांना तिथे जायचं होतं. पुस्तिकेतल्या सगळ्या सहली चाळल्या, एकीतही ते देऊळ नव्हतं.

तेव्हा पहिला मुद्दा हा, की जहाजाची सहल माणशी विकली जाते आणि बंदराबाहेरची गाडी गाडीला ठरते. हा फरक पुस्तिकेत कुठेच लिहिलेला नसतो, पण आपल्या घरांसाठी सगळी गोम त्यातच आहे. युरोपातून येणारं जोडपं दोघांचंच असतं. आपण निघालो की पाच-सहा जण असतो.

मस्कतचंच उदाहरण घ्या. क्रूझ जहाजं सुलतान काबूस बंदरात लागतात. बंदराच्या आत पायी फिरू देत नाहीत, फाटकापर्यंत बस नेते. तिचे पैसे पडत नाहीत. फाटकाबाहेर टॅक्सीवाले उभेच असतात. ओमानमध्ये टॅक्सी फक्त ओमानी नागरिक चालवतात, आणि मस्कतमधल्या बऱ्याच जणांना हिंदी चांगलं येतं. त्यामुळे घासाघीस आपल्या भाषेत करता येते, हा आपला मोठाच फायदा. सात जणांची गाडी, साडेचार तास, थांबण्यासकट, असे आम्ही ३० रियाल ठरवले. सुरुवात ४५ पासून झाली होती, हे वाचकांच्या माहितीसाठी. एक ओमानी रियाल म्हणजे साधारण साडेनऊ दिरहम. म्हणजे सहा जणांचे २८७ दिरहम झाले. जहाजाच्या सहलीला १,२८५ लागले असते. जवळजवळ हजाराचा फरक, तोही एका सकाळीत.

आता हाच हिशेब उलटा करून पाहा. एकटा माणूस असेल तर जहाजाची सहल ६५ डॉलरला आणि गाडी ७८ डॉलरला पडते. म्हणजे एकट्याने जहाजाच्या बसमध्ये बसावं. दोघांना १३० विरुद्ध ७८. इथे गाडी स्वस्त आहे, पण बसमधला मार्गदर्शक आणि वेळेवर परत आणण्याची हमी धरली तर कोणी बस घेतली म्हणून मी त्याला उधळ्या म्हणणार नाही. तिघांपासून पुढे मात्र गाडीला पर्याय नाही. जहाजावर दुसरं मराठी कुटुंब भेटलंच (भेटतंच, जेवणाच्या टेबलावर लोणच्याची बाटली निघाली की ओळख होते), तर दोघांनी मिळून छोटी बस घ्यावी.

ठरवताना काही गोष्टी पक्क्या करून घ्याव्यात. भाव पूर्ण गाडीचा आहे की माणशी, थांबण्याचे पैसे त्यात आहेत की वेगळे, आणि चलन कोणतं. "थर्टी" म्हटलं की तीस काय? डॉलर की रियाल? दोहोंत अडीचपटीहून जास्त अंतर आहे. मी कागदावर आकडा, चलन आणि परतीची वेळ लिहून ड्रायव्हरला दाखवते. पैसे बंदराच्या फाटकाशी परत आल्यावर द्यायचे, आधी नाही. ड्रायव्हर भला असेल तर त्याला यात काही गैर वाटत नाही.

रियालविषयी थोडं विषयांतर. एका रियालचे हजार बैसा होतात. 'बैसा' हा शब्द कानाला ओळखीचा वाटला असेल, तर तो आपल्या पैशाचाच भाऊ आहे. आखातात कित्येक वर्षं भारतीय रुपयाच चालत असे. भारत सरकारने १९५९ मध्ये इथल्यासाठी वेगळ्या 'गल्फ रुपी'च्या नोटा काढल्या. १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि आजच्या अमिरातींनी त्या सोडल्या. ओमानमध्ये त्या १९७० पर्यंत टिकल्या. सासऱ्यांना हे सांगितलं तेव्हा ते रियालची नोट उलटसुलट बघत म्हणाले, "म्हणजे आपली नोट असती तर ही घासाघीस करावी लागली नसती!" हातात एक, दोन, पाच अशा नोटा असल्या की खर्च लहान वाटतो. मत्रहच्या बाजारात "फक्त चार रियाल" ऐकलं की मनात अडतीस दिरहम म्हणावं. माझ्या तीन खरेद्या तिथेच टळल्या.

मस्कतचा क्रम असा ठेवा. सुलतान काबूस ग्रँड मशीद आधी, कारण इतर धर्मीयांना ती शनिवार ते गुरुवार सकाळी आठ ते अकरा एवढाच वेळ खुली असते, शुक्रवारी नाही. बंदरापासून ती बरीच दूर, शहराच्या दुसऱ्या अंगाला आहे. प्रवेशाला पैसे नाहीत. २००१ मध्ये ती खुली झाली. आतला गालिचा चार हजार चौरस मीटरहून मोठा, वजन २१ टन. इराणमधल्या सहाशे बायकांनी चार वर्षं खपून विणलेला. बांधकामाला तीन लाख टन भारतीय वालुकाश्म लागला, हे ऐकून सासरे भिंतीला हात लावून आले. स्त्रियांनी केस, मनगटं आणि घोटे झाकलेले हवेत. साडीवर पूर्ण बाह्यांचा लांब झगा आणि मोठी ओढणी घरूनच न्यावी, म्हणजे तिथे अबाया भाड्याने घ्यावा लागत नाही. लहान रक्कम, पण चार बायकांची मिळून दुपारच्या जेवणाएवढी होते. आणि आरोग्याच्या पानावर लिहिते आहे म्हणून सांगते, मधुमेह असलेल्यांनी जाड मोजे जवळ ठेवावेत. प्रार्थनागृहात चपला काढाव्या लागतात, संगमरवर जानेवारीत गार आणि एप्रिलमध्ये तापलेला असतो, आणि पायाला काही लागलं तर ते संध्याकाळपर्यंत कळतही नाही.

मशिदीहून जुन्या मस्कतला आलो. अल आलम राजवाड्याजवळ मोतीश्वराचं मंदिर आहे, शंकराचं. इथल्या गुजराती व्यापाऱ्यांच्या वस्तीपासूनचं. योगायोगाने त्या दिवशी सोमवार. देवळात आपल्याकडच्यासारखीच गर्दी, बेल, दूध, घंटा. सासूबाई शांतपणे बसल्या, अर्धा तास. जहाजाच्या बसने आलो असतो तर त्या अर्ध्या तासाला "दहा मिनिटं, फोटो काढा आणि चला" म्हणाले असते. अर्थात बस तिकडे आलीच नसती. देवळाच्या वेळा मात्र आधी चौकशी करून ठेवा, दुपारची देवळं बंद असतात हे आपल्याला सांगायला नको.

राजवाड्याच्या दोन्ही बाजूंना जलाली आणि मिरानी हे पोर्तुगीजांचे किल्ले दिसतात, बाहेरून बघायला फुकट. ज्या पोर्तुगीजांना चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसईतून घालवलं, त्यांना ओमानी लोकांनी १६५० मध्येच मस्कतमधून काढलं होतं. मुलांना ही तारखांची शर्यत फार आवडली. शेवटी मत्रहचा बाजार आणि समुद्रकाठ. बंदराच्या फाटकापासून हे पायी अंतर आहे, तेव्हा ज्यांना मशीद बघायची नाही त्यांनी गाडी ठरवूच नये. काठावर बसायला बाकं आहेत. वडीलधाऱ्यांना तिथे बसवून आपण बाजार फिरून यावा.

म्हणजे जहाजाची सहल कधी घेऊच नये, असं मी म्हणत नाही. तिच्यात एक गोष्ट मिळते जी गाडीत मिळत नाही. जहाजाच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं किंवा कंपनी तुम्हाला पुढच्या बंदरात पोचवायची जबाबदारी घेते. तुम्ही स्वतः गेलात आणि उशीर झाला तर जहाज निघून जातं. मग पुढच्या बंदरापर्यंतचं विमान, हॉटेल, सगळं आपल्या खिशातून, आणि आपल्या पासपोर्टला व्हिसाचा प्रश्न वेगळाच. जहाजाच्या सहलीचे जास्तीचे पैसे म्हणजे एक प्रकारचा विम्याचा हप्ता समजा. फाटकापासून पायी अंतरावर फिरताना हा हप्ता कशाला भरायचा? पण मस्कतहून निझवाचा किल्ला बघायला निघालात, तर तो एका बाजूने दीडशे किलोमीटरहून लांब आहे. वाटेत टायर पंक्चर झालं तर संपलं. तिथे मी निमूटपणे जहाजाच्या बसचं तिकीट काढीन. तसंही निझवाला आपल्याला कधीही दोन दिवसांची सुट्टी काढून आपल्या गाडीने जाता येतं.

वेळेच्या बाबतीत दोहाला विशेष जपा. कतार आणि बहारीनचं घड्याळ आपल्यापेक्षा एक तास मागे आहे. ओमानचं आपल्याइतकंच. काही जहाजं घड्याळ बदलतात, काही दुबईच्याच वेळेवर चालतात. मोबाईल मात्र खाली उतरताच गुपचूप एक तास मागे जातो. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने दोहाच्या बाजारात मोबाईल बघून निवांत चहा मागवला, आणि शेजारच्या टेबलावरचे जहाजावरचेच प्रवासी का पळताहेत ते त्यांना कळेना. चहा टाकून धावले, शिडी उचलायच्या आत पोचले, पण त्यांच्या आजोबांची जी दमछाक झाली ती ऐकूनच मला धडकी भरली. मनगटावरचं साधं घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवा आणि दिवसभर त्यालाच विचारा. 'ऑल अबोर्ड'ची वेळ ही सुटण्याच्या वेळेआधी अर्धा ते एक तास असते. आम्ही तिच्याही आधी एक तास फाटकाशी यायचं असा घरचा नियम केला. जहाजाच्या रोजच्या पत्रकावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर छापलेला असतो. तो कापून पाकिटात ठेवा. बऱ्याच जहाजांवर पासपोर्ट त्यांच्याकडेच ठेवून घेतात, म्हणून त्याची आणि रेसिडेन्स व्हिसाची झेरॉक्स सोबत हवी.

दोहात मात्र काहीही विकत घेऊ नका असंच मी सांगेन. जहाज 'ओल्ड दोहा पोर्ट'ला लागतं, शहराच्या कुशीत. आम्हाला सूक वाकिफपर्यंत फुकट बस मिळाली. कतारचं राष्ट्रीय संग्रहालय बंदराच्या अगदी जवळ आहे. वाळवंटात सापडणाऱ्या 'वाळूच्या गुलाबा'सारखी त्याची इमारत झाँ नूवेल यांनी केली आणि ते २०१९ मध्ये उघडलं. आपल्या अबू धाबीचं लूव्र त्यांचंच. काठाकाठाने पुढे इस्लामी कला संग्रहालय आहे, २००८ चं. आत जायला तिकीट आहे, पण बाहेरचा बगीचा आणि तिथून दिसणाऱ्या उंच इमारती यांना नाही. आणखी लांब जायचं तर दोहा मेट्रो आहे. एकदा कार्ड घेतलं की एका प्रवासाचे २ रियाल, दिवसभरात कितीही फिरलात तरी जास्तीत जास्त ६. कतारी रियाल दिरहमच्या जवळपासच आहे, त्यामुळे इथे डोक्याला ताप नाही. शुक्रवारी मेट्रो उशिरा सुरू होते, तेवढं लक्षात ठेवा.

दोहाच्या पुस्तिकेत सगळ्यात महागडी सहल वाळवंटाची होती. चार चाकांवर चालणाऱ्या गाडीतून वाळूच्या टेकड्या चढायच्या आणि उतरायच्या. मुलं मागे लागली. अरे, आपण शारजाहला राहतो! वाळवंट आपल्या दारात आहे, आपल्या चपलांत आहे. जर्मनीहून आलेल्या माणसाला त्याचं अप्रूप असेल तर ठीक, आपण अंतर्देशीय समुद्रापर्यंत माणशी पैसे मोजून वाळू बघायला कशाला जायचं? शिवाय बायपास झालेल्या, पाठीचं दुखणं असलेल्या किंवा गरोदर व्यक्तीने त्या गाडीत बसूच नये. पुस्तिकेत प्रत्येक सहलीपुढे किती चालावं लागेल, पायऱ्या किती, याची छोटी चित्रं असतात. किमतीच्या आधी ती वाचा.

याच न्यायाने दुबई आणि अबू धाबीच्या सहली आपल्यासाठी नाहीतच. तरीही लोक घेतात, मी स्वतः पाहिलं आहे! दोन आठवड्यांपूर्वी क्रीकवर एक दिरहमच्या अब्र्यात बसलेल्या माणसाने जहाजावरून 'दुबई दर्शन' घ्यायचं म्हणजे काय? अबू धाबीला शेख झायद मशीद बघायला पैसे पडत नाहीत, फक्त वेबसाइटवर आधी नाव नोंदवावं लागतं. बंदरापासून टॅक्सीने जाता येतं. आम्ही ती आधीच आपल्या गाडीने जाऊन पाहिली होती, म्हणून त्या दिवशी उतरलोच नाही. सगळं जहाज रिकामं, पोहण्याच्या तलावात आमची दोनच मुलं, जेवायला रांग नाही. सासरे खुर्ची टाकून मीना झायदच्या क्रेन बघत बसले. भाड्यात आधीच भरलेल्या पैशांचा इतका चांगला उपयोग आठवडाभरात दुसऱ्या कुठल्या दिवशी झाला नाही. भारतातून आलेल्यांना अबू धाबीचं नवं देऊळ बघायचं असेल, तर बाप्स संस्थेचं ते मंदिर फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडलं आहे. अबू मुरैखाला आहे, बंदरापासून दूर. ते क्रूझच्या दिवसात कोंबू नये, घरून वेगळं जावं.

दोन बंदरं आमच्या मार्गावर नव्हती पण अनेक क्रूझवर असतात, त्यांच्याविषयी थोडक्यात. सर बनी यास बेटावर पूर्वी जहाज धक्क्याला लागत नसे, छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेत. छोटी बोट लागलीच तर चढता-उतरताना ती हलते, गुडघेदुखीवाल्यांनी खलाशाचा हात धरायला लाजू नये. किनारा हीच तिथली गंमत, त्याला वेगळे पैसे नाहीत. हरणं आणि जिराफ बघायचे तर जीपची सहल घ्यावीच लागते, स्वतंत्रपणे फिरता येत नाही. घ्यायची असेल तर घ्या, नाहीतर वाळूत लोळा.

दुसरं खसब. हे ओमानच्या मुसंदम टोकावर आहे. तिथे आम्ही रस्त्याने रास अल खैमावरून दोनदा जाऊन आलो आहोत, त्यामुळे खात्रीने सांगते. गावात किल्ला सोडला तर बघण्यासारखं फारसं नाही. खरं सौंदर्य समुद्रात, उंच उघड्या डोंगरांमधल्या खाड्यांत. डॉल्फिन दिसतात. तेव्हा इथे पैसे बोटीवर खर्च करावे, त्यात कंजुषी नको. फक्त बोट कोणाकडून घ्यायची तेवढा प्रश्न. लाकडी ढाऊ बोटी बंदरातूनच सुटतात, आणि जहाजाची सहल तरी कशातून नेते? त्याच ढाऊमधून. मोठं कुटुंब असेल तर आधी फोन करून गावातल्या ढाऊवाल्याशी ठरवावं, आणि वारा सुटून जहाज आलंच नाही तर पैसे परत मिळतील हे लिहून घ्यावं. हिवाळ्यात शमाल वारा सुटला की बंदर गाळलं जाऊ शकतं. जहाजाची सहल असेल तर तिचे पैसे परत येतात. बाहेरची असेल तर ते तुमच्या बोलीवर. खाडीत टेलिग्राफ बेट दाखवतील. १८६० च्या दशकात इंग्रजांनी कराचीहून इराणच्या आखातात तार टाकली, तिचं ठाणं या खडकावर होतं. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, म्हणजे ही तार एका परीने आपल्याच इलाख्यातून आलेली.

आता व्हिसा. यात एका चुकीने सगळी बचत वाहून जाते. आई-वडील एकदाच प्रवेशाच्या व्हिसावर आले असतील, तर जहाज मस्कतला गेलं की ते युएईतून बाहेर पडले असं धरलं जातं आणि तो व्हिसा संपतो. त्यांना बहुप्रवेशाचा व्हिसा हवा. तो काढायचा खर्च क्रूझच्या दरात धरूनच क्रूझ स्वस्त की महाग ते ठरवा. ओमान आणि कतारला उतरण्यासाठी भारतीय पासपोर्टवाल्यांना त्या हंगामात काय लागतं, ते तिकीट काढताना लेखी विचारा. तोंडी "काही लागत नाही सर" चालणार नाही. मार्गही पक्का विचारा. २०२४-२५ च्या हंगामात तांबड्या समुद्रातल्या परिस्थितीमुळे काही मोठ्या कंपन्यांनी आखातात जहाज आणणंच रद्द केलं होतं. दुबईत जहाज मीना रशीदहून सुटणार की दुबई हार्बरहून, हेही बघा. एक बर दुबईजवळ, दुसरं मरीनाजवळ. सामानासकट चुकीच्या ठिकाणी पोचलात तर पहिलीच टॅक्सी महागात पडेल.

औषधं. रोजच्या गोळ्या, इन्शुलिन आणि डॉक्टरांची चिठ्ठी खाली उतरताना हाताच्या पिशवीत ठेवा, खोलीत नाही. आणि इन्शुलिन उभ्या गाडीत विसरू नका. बोट लागते त्यांनी उलटीची गोळी आदल्या रात्री घ्यावी, त्रास सुरू झाल्यावर तिचा उपयोग कमी होतो. पण या गोळ्यांनी झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना काही गोळ्या बाधतात, म्हणून ज्येष्ठांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. भारतातून येताना कोडीन असलेली खोकल्याची औषधं किंवा ट्रामाडोल परवानगीशिवाय आणू नये, इथे ती नियंत्रित आहेत. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल वेगळं लागतं, आणि ते पुस्तिकेतल्या सहलींपेक्षा कितीतरी मोठं असू शकतं. आपल्या आरोग्य विम्यात समुद्रावरचा उपचार येतो का, ते कार्डाच्या मागचा नंबर फिरवून विचारा. आई-वडिलांसाठी प्रवास विमा काढलात तर त्यात 'क्रूझ' हा शब्द आणि आधीपासूनचे आजार दोन्ही आहेत ना, तेही बघा.

शेवटी जहाजावरचं खातं. सहल, पाण्याची बाटली, फोटो, सगळं खोलीच्या कार्डावर चढतं. काही जहाजांवर हे खातं युरोत असतं. दिरहम डॉलरला बांधलेला असला तरी युरो वर-खाली होतो, म्हणून क्रेडिट कार्डावर लागणारा आकडा तुमच्या मनातल्यापेक्षा वेगळा निघतो. बंदरातल्या दुकानात यंत्र "दिरहममध्ये घेऊ का?" असं विचारतं, तेव्हा तिथलंच स्थानिक चलन निवडा, कारण दुकानाच्या यंत्राचा दर बँकेपेक्षा बहुधा वाईट असतो. मोबाईल जहाजावर विमानाच्या मोडवर ठेवा. समुद्रात जहाजाचं स्वतःचं नेटवर्क लागतं आणि त्याचे दर घरी पोचल्यावर कळतात. सहल रद्द केली असेल किंवा बंदर गाळलं गेलं असेल, तर ते पैसे परत जमा झाले का, हे आदल्या रात्रीच स्वागतकक्षात जाऊन पाहा. शेवटच्या सकाळी तिथे शंभर माणसांची रांग असते, आणि एकदा खाली उतरलात की त्या पैशांसाठी महिनाभर ई-मेल लिहीत बसावं लागतं.